चौथी पायरी सोडायची

१

ज्या पायरीवरून पडून माझी बायको गेली, ती पायरी सागवानाची नव्हती. हे मला दहा महिन्यांनी कळलं.

सन चव्वेचाळीसचा आश्विन चालू होता. माझ्या साताऱ्याच्या घरात मागच्या पडवीतून माडीवर लाकडी जिना जातो. मार्गशीर्षात पद्मा त्यावरून पडली, डोक्याला मार लागून गेली. तेव्हापासून तो तसाच मोडका होता आणि वर कोणी गेलं नव्हतं. वर तिची ट्रंक होती. तिच्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि भाचीला द्यायच्या साड्या त्या ट्रंकेत होत्या. म्हणून मी कोरेगावचा सिकंदर सुतार बोलावला.

सिकंदरनं मोडक्या फळीचा तुकडा उचलून उलटा केला, पटाशीनं कडेचा तांबडा रंग खरवडला आणि वास घेतला.

"जमादारसाब, जिना कशाचा म्हणालात?"

"सागवानाचा. नऊच्या नऊ पायऱ्या. तीन वर्षं झाली."

"ही सागवान न्हाई. आंबा हाय."

त्यानं तुकडा माझ्या हातात दिला. खालच्या बाजूनं भुंग्यानं खाऊन चाळण केली होती. बोटानं दाबलं तर पीठ गळत होतं.

मी म्हणालो, "बाकीच्या बघ."

त्यानं खालपासून वरपर्यंत एकेक पायरी खरवडून पाहिली. मी उभा राहिलो, मग दारापर्यंत गेलो, परत आलो. मला अलीकडे एका जागी थांबवत नाही.

"आठ अस्सल सागवान. खालनं तिसरी तेवढी आंबा," सिकंदर म्हणाला. "केली कुनी?"

"कोंडीबानं."

सिकंदरनं पटाशी खाली ठेवली. "कोंडीबा असं करायचा न्हाई."

"केलंय ना पण."

"ते दिसतंय मला. तरी मी म्हंतो, करायचा न्हाई."

मी तीस वर्षं सांगली संस्थानच्या पोलिसात होतो, निघालो तेव्हा जमादार होतो. माणूस असं करायचा नाही, हे वाक्य मी फार जणांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

स्टुलावर बसून बूट घातले आणि निघालो.

२

कामवाल्यांशी भाव करण्यात माझा हात धरणारा आळीत कोणी नव्हता. लोक मला बोलावून न्यायचे. माझी रीत साधी होती. कामाला नावं ठेवायची नाहीत, चांगलंही म्हणायचं नाही. काल दुसरा एक जण येऊन कमी सांगून गेला, असं सहज बोलायचं. मग गप्प बसायचं. गप्प बसलं की समोरचा बोलत सुटतो आणि आपणहूनच भाव खाली आणतो. चौकीवरही मी तेच करायचो.

जिन्याचे कोंडीबानं चव्वेचाळीस रुपये सांगितले होते. मी चाळीसवर आणला. पाऊण तास लागला. तो गेल्यावर पद्मानं विचारलं, "अहो, यात त्याला काय सुटतं?"

मी म्हणालो, "ते त्यानं बघावं."

ती प्रत्येक वेळी हेच विचारायची. रंगारी असो, कौलं चाळणारा असो, त्याला काय सुटतं. मी तिला हसायचो.

कोंडीबाचं दुकान मंगळवार तळ्याच्या अलीकडे. तो रंधा मारत होता. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. त्याची बायको बनाबाई भुसा गोळा करत होती.

"या जमादारसायेब. बसा."

"बसायला आलो नाही."

"मग हुबं ऱ्हावा."

मी तुकडा त्याच्यासमोर टाकला. त्यानं रंधा थांबवला. तुकडा उचलला नाही, नुसता बघितला. बनाबाई भुशाची पाटी तिथंच ठेवून आत गेली.

"ओळखतोस?"

"वळखतो. माझ्या हातचा हाय."

"ठरलं काय होतं आपलं?"

"सागवान."

"आणि हे काय आहे?"

"आंबा." तो म्हणाला, "एकच हाय. चोरून घातलेला न्हाई."

"मला न सांगता घातला म्हणजे काय झालं मग?"

"तुमाला न्हाई सांगितलं. व्हय."

"कोणाला सांगितलं होतंस?"

तो गप्प बसला. मीही गप्प बसलो. माझा हा डाव कधी चुकला नव्हता. पण कोंडीबा बोलला नाही. शेवटी त्यानंच उलट प्रश्न केला, आणि त्याचा आवाज बरा नव्हता.

"जमादारसायेब, कंची पायरी मोडली?"

"तुला माहीत नाही?"

"न्हाई. मी मयताला आलो, पन जिन्याकडं गेलो न्हाई. धीर न्हाई झाला. चौथीच मोडली न्हवं? आंबा चौथीला हाय."

"तिसरी मोडली."

"तिसरी सागवानाची हाय."

"सिकंदरनं सगळ्या खरवडून बघितल्यात. तिसरी आंब्याची. चौथी सागवान."

कोंडीबानं कपाळावरचा घाम पुसला. "मी चौथीला घातला. माझ्या हातानं."

आपण घातलेली फळी कुठं घातली तेही ज्याला धड सांगता येत नाही, तो बाकीचं काय खरं सांगणार, असं मला वाटलं. मी त्याला म्हणालो, मेढ्याकडच्या नव्या शाळेची सतरा दारं तुला मिळायची आहेत असं ऐकतो. कमिटीचे भाऊसो माझ्या ओळखीचे आहेत. सोमवारी ठरणार आहे ना?

"सायेब, ते काम गेलं तर मी दुकान मोडतो. लढाईमुळं कुनी घरं बांधंना झालंय. माझ्याकडं दुसरं काम न्हाई."

"मग खरं सांग. कोणाला सांगून घातलीस?"

"शपथ घातलीया. सांगनार न्हाई."

घरी आलो, भाऊसोंना पत्र लिहिलं आणि शुक्रवारच्या टपालात टाकलं. कोंडीबानं माझ्या जिन्यात आंबा घालून सागवानाचे पैसे घेतले, त्यात माझी बायको गेली, एवढंच लिहिलं. प्रत्येक शब्द खरा होता.

३

संध्याकाळी शेजारच्या अंबूबाई भाकरी घेऊन आल्या. पद्मा गेल्यापासून त्या आणतात. मी नको म्हणतो, त्या ऐकत नाहीत.

"भावजी, कोंडीबाच्या बायकोला तळ्यावर बघितलं. रडत होती."

"रडू दे."

"तुम्ही काय बोललात त्याला?"

मी सांगितलं. आंबा, सागवान, तिसरी, चौथी. अंबूबाईंनी भाकरीचं फडकं सोडता सोडता हात थांबवला.

"चौथी म्हणाला?"

"हो."

"पद्माताई चौथीवर पाय द्यायच्या नाहीत."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"उन्हाळ्यात माडीवर आम्ही पापड घालायचो ना. मला म्हणायच्या, अंबूबाई, चौथी सोडायची बरं. मी म्हटलं, का हो? तर म्हणाल्या, औंधच्या यमाईला बोललेय. बोललेलं होईपर्यंत चौथीवर पाय नाही द्यायचा, माझा नाही आणि माझ्या घरात कोणाचाच नाही. काय बोललात ते मी विचारलं नाही. नवसाचं विचारू नये."

"मला नाही सांगितलं कधी."

"तुम्ही कधी वर जात होतात?"

ते खरं होतं. माझे गुडघे नोकरीत गेले. जिना झाल्यापासून मी एकदाही वर गेलो नव्हतो. मी खाली बसायचो आणि ती चढताना तिच्या जोडव्यांचा आवाज ऐकायचो. टक, टक, टक, मग जरा थांबायचा, आणि पुढे पुन्हा टक टक. मला वाटायचं तिला दम लागतो. वैद्याकडे जा म्हणून मी तिला सांगितलंही होतं. ती हसली होती.

तीन आवाज, मग थांबा. म्हणजे तीन पायऱ्या चढून चौथी ओलांडायची.

"पण अंबूबाई, मोडली तिसरी."

"मग मला नाही कळत बाई." जाताना त्या कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ती वळकटी तरी सोडा. दहा महिने तशीच उभी आहे. कसर लागेल."

पडवीच्या कोपऱ्यात पद्माची अंथरुणाची वळकटी उभी होती. ती पडली तेव्हा तिच्या हातात होती ती. कोणीतरी उचलून तिथं ठेवली. मला तिला हात लावायचा नव्हता.

रात्र कशीतरी काढली. कोंडीबा म्हणतो चौथीत आंबा आहे. अंबूबाई म्हणतात पद्मा चौथी सोडायची. दोघांचं बोलणं जुळत होतं. मग बायको पडली कशी, आणि आंबा तिसरीत कसा निघाला?

एक शक्यता उरत होती. जिन्याच्या फळ्या सांगलीच्या वखारीतून आल्या होत्या. वखारवाल्यानंच काही गोंधळ केला असेल आणि पद्माला ते माहेरी कळलं असेल. तिचा भाऊ मधु त्याच पेठेत राहतो, आणि पडली त्या दिवशी ती त्याच्याकडूनच आली होती. शनिवारी पहिल्या गाडीनं मी सांगलीला निघालो.

४

मिरजेला गाडी बदलून सांगलीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मधुच्या घरी न जाता आधी वखारीत गेलो. विष्णुपंत गादीवर होते. सगळं चांगलं लाकूड लष्कराकडे जातं, आमच्याकडे उरतं ते जळण, असं त्यांनी मी न विचारता सांगितलं.

मी जिन्याचं काढलं. त्यांना राग आला नाही.

"जमादार, आंबा आम्ही ठेवतच नाही. कोंडीबानं तेव्हा आठ पायऱ्यांच्या फळ्या नेल्या. नवव्या पायरीची काय म्हणालो तर म्हणाला, ती साताऱ्यात बघतो. मला ते विचित्र वाटलं होतं, म्हणून लक्षात आहे."

आठ. म्हणजे कोंडीबानं जिना करायच्या आधीच एक पायरी वेगळी धरली होती. आता तो सुटत नाही, असं मी मनात म्हणालो.

"नववी तुमच्या मंडळी घेऊन गेल्या की," विष्णुपंत म्हणाले.

"कोण?"

"तुमच्या मंडळी. मागच्या साली, कार्तिक संपता संपता. भावाबरोबर आल्या होत्या. कमरेला गाठी मारलेला काथ्या होता. तो फळीवर धरला. इतकी लांब, इतकी रुंद, सागवान, एकच फळी. मी म्हटलं, बाई, एक फळी घेऊन काय करता? म्हणाल्या, एक पायरी बदलायची राहिली आहे."

मी गादीच्या कडेला टेकलो. त्यांनी पाणी मागवलं.

"भाव किती केला तिनं?" मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत नाही.

"केलाच नाही. मी भाव सांगितला. त्यांनी विचारलं, सगळ्यांना हाच का? म्हटलं हाच. यात तुम्हाला काय सुटतं, म्हणाल्या. मी हसलो, पण सांगितलं खरं. मग दिले पैसे." ते म्हणाले, "तुमच्यासारखं नाही. तुम्ही आलात की मी चार आणे चढवूनच बोलतो."

मधुकडे गेलो. तो शाळेत मास्तर आहे, मवाळ माणूस.

"दाजी, फळी घेतली होती तिनं. मला म्हणाली, यांना सांगू नकोस. माझ्या बायकोच्या बाळंतपणाला मदतीला आली होती दोन महिने, तेव्हा हिनं तिला शिवणाचे पैसे दिले, त्यातून घेतली."

"ती फळी कुठं गेली? घरी तर आली नाही."

"आली की. निघाली त्या दिवशी बरोबर होती." तो म्हणाला, "वळकटी जड म्हणून हमालानं दोन आणे मागितले. मी भांडायला गेलो तर म्हणाली, मधु, दे त्याला, जड आहे खरंच."

मी चहाही न घेता उठलो.

५

रविवारी दुपारी सातारारोडला उतरलो, मोटार धरून घरी आलो. बूट काढायलाही बसलो नाही. तसाच पडवीत गेलो आणि कोपऱ्यातली वळकटी आडवी केली. दोऱ्यांच्या गाठी पद्माच्या हातच्या होत्या. सुटेनात. चाकू घेऊन कापल्या.

गोधडी, चादर, तिचं एक लुगडं. आणि मधोमध सागवानाची फळी. रंधा मारलेली. एका टोकाला गाठींचा काथ्या बांधलेला.

काथ्या सोडून मी मोडक्या पायरीच्या जागेवर धरला. गाठी दोन्ही कडांवर बरोबर बसल्या.

हीच पायरी बदलायला ती फळी घेऊन येत होती. तिला ती माहीत होती. अंबूबाईंनाही तिनं ती सोडायला लावली होती. तरी तिचा पाय तिच्यावर पडला. ती ज्या पायरीला चौथी म्हणत होती, ती मोजली तर तिसरी भरत होती.

डोकं चालेना. बूट काढू म्हणून स्टुलावर बसलो. एक बूट काढला आणि तसाच बसून राहिलो.

हे स्टूल मी कधी आणलं?

जिना झाल्यापासून मी बूट घालायला जिन्याच्या पायथ्याच्या दगडावर बसायचो. जिन्याची पहिली पायरी दगडी होती, मग वर नऊ लाकडी. तो दगड आता कुठं होता?

फरशीच्या पोटात होता. मीच घालवला होता. पद्मा सांगलीला असताना मी पडवीला शहाबादी फरशी बसवून घेतली. तिला आल्यावर दाखवायची होती. त्यानंतर बसायला दगड राहिला नाही, म्हणून स्टूल आणलं.

दगड ही तिची पहिली. त्यावरच्या दोन लाकडी, दुसरी आणि तिसरी. आंब्याची चौथी. कोंडीबा खोटं बोलत नव्हता, तोही दगडापासूनच मोजत होता. दगड गेला आणि चौथीची तिसरी झाली. सिकंदरला दगड कधी होता हेच माहीत नव्हतं, त्यानं दिसलं तसं मोजलं.

आणि पद्माचा पाय डोळ्यांनी मोजत नव्हता. टक, टक, टक, आणि मग ओलांडायचं. त्या दिवशी तिच्या हातात पुढे वळकटी होती, खाली दिसत नव्हतं. मी खालून फरशीबद्दल सांगत होतो. टक. टक. तिसरं पाऊल पडलं आणि फळी कडाडली.

मी एक बूट घालून, एक हातात घेऊन रस्त्यावर आलो होतो, हे मला निजाम गवंड्याच्या दारात कळलं. निजामनंच ती फरशी घातली होती.

"या जमादारसाब. असं काय एका बुटानं?"

"निजाम, पडवीची फरशी एवढी उंच का घातलीस?"

"मी कुठं घातली? तुमी घालायला लावली." तो चुन्याचे हात पुसत म्हणाला. "परसातलं पानी पडवीत येत होतं. मी म्हनलं, गटार खोदून पानी भाईर काढू, फरशी हाय त्या लेवलला घालू. साठ रुपये. तुमी म्हनला, काल दुसरा येऊन गेला, पन्नास म्हनाला. मग गप बसलात. लय गप बसता तुमी. मी म्हनलं, एकोनपन्नासमधे भराव घालतो वीतभर. पन जिन्याचा दगड पोटात जाईल. तुमी म्हनला, जाऊ दे."

"म्हणालो मी?"

"म्हनला. वर हसलात पन."

अकरा रुपये वाचले होते. पद्मा दारातून आत आली तेव्हा मी तिला पहिली गोष्ट हीच सांगितली. अकरा रुपये वाचवले बघ. ती वळकटी सावरत जिन्याकडे जात होती. म्हणाली, त्याला काय सुटलं मग? आणि चढायला लागली.

निजाम विचारत होता, "आनि तो दुसरा गवंडी कोन वो, पन्नासवाला? मी अजून शोधतोय त्याला."

"नव्हता कोणी," मी म्हणालो.

६

सोमवारी पहिल्या मोटारीनं मेढ्याकडे निघालो. वाटेत दोनदा पोलिसांनी गाडी थांबवली, प्रत्येकाच्या पिशव्या बघितल्या. त्या दिवसांत ते रोजचंच होतं. माझी पिशवी बघणारा पोरगा मला सलाम करून म्हणाला, जमादार, तुम्ही कुठं? मी म्हणालो, एक पत्र परत घ्यायला. त्याला काही कळलं नाही.

शाळेच्या अर्ध्या भिंती उभ्या होत्या. भाऊसो आणि कमिटीची दोन माणसं सतरंजीवर बसली होती. कोंडीबा लांब, विटांच्या ढिगाजवळ उभा होता. माझं पत्र भाऊसोंच्या हातात उघडं होतं.

"बरं झालं आलात," भाऊसो म्हणाले. "आत्ता याला हेच इचारत होतो. तोंड उघडंना."

"ते पत्र फाडा."

"म्हंजे? त्यानं आंबा घातला न्हाई?"

"घातला."

"मग खोटं काय लिवलंय?"

"खोटं नाही, अर्धं आहे. चव्वेचाळीसचं काम मी चाळीसमध्ये करायला लावलं. चार रुपयांची एक पायरी बसत नव्हती. माझ्या बायकोला ते समजलं, मला नाही." बाकीचंही सांगितलं. दगडाचं, फरशीचं, वळकटीचं. सांगताना मी कोंडीबाकडे बघितलं नाही. चौकीवर माणसं जबाब देताना जमिनीकडे का बघतात ते मला त्या दिवशी कळलं.

मग कमिटीतला एक जण खाकरून म्हणाला, "तुमी चार कमी केलं जमादार. आमी तर याला चाळीस उतरायला सांगितलंय."

"मग सतरातली आंब्याची कुठली ते आधी विचारून ठेवा," मी म्हणालो. "आणि पोरांना सांगा, ती सोडायची."

भाऊसोंनी पत्राच्या चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. फाडलं नाही. कोंडीबाला हाक मारून म्हणाले, "ये रं इकडं. बस. पैल्यापासनं सांग, तुझा भाव काय हाय?"

मी विटांच्या पलीकडे जाऊन थांबलो. पाऊण तास झाला. बसवलं नाही, उभंही राहवलं नाही, फेऱ्या मारत होतो. शेवटी कोंडीबा आला.

"मिळालं?"

"मिळालं. दोन रुपये उतरलो, त्येंचा मान म्हनून."

परतीच्या मोटारीत कोंडीबा माझ्या शेजारी बसला. मग आपणहून बोलला. "बाई आल्या हुत्या दुकानात, तुमी भाव ठरवल्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनाल्या, कोंडीबा, तुला काय सुटतं? मी म्हनलं, कायबी न्हाई, चार खिशातनं जात्यात. म्हनाल्या, मग जे बसत न्हाई ते बसवू नगंस. एक पायरी आंब्याची घाल. कंची ते मला सांग, दुसऱ्या कुनाला न्हाई. माझे पैसे जमले की बदलू. यमाईची शपथ घातली. मी म्हनलं, भुंगा धरंल. म्हनाल्या, मी एकटीच वर जाते, सोडंन ती." तो खिडकीबाहेर बघत होता. "दहा महिने मी डोकं फोडतोय सायेब. बाई चौथी सोडायच्या. मग पडल्या कशा? आंबा दुसरीकडं घातला का मी? माझी मोजनी चुकली का?"

"तुझी नाही चुकली."

घरी येऊन त्यानं वळकटीतली फळी हातात घेतली, उलटीपालटी केली, अंगठ्यानं कड तपासली. "चांगली निवडलीया," म्हणाला. मोडके तुकडे काढले, खाच साफ केली, फळी बसवली. तासाभराचं काम. उठून हात झाडले.

"फळी तुमचीच हाय. मजुरीचा सव्वा रुपया द्या."

आणि तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघत थांबला. मी आता काल कोण येऊन गेला ते सांगणार, मग गप्प बसणार, याची तो वाट बघत होता. हातातली पटाशी त्यानं पिशवीत टाकली नव्हती.

"कोंडीबा, यात तुला काय सुटतं?"

त्यानं पटाशी पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड आवळलं.

"धा आनं सुटत्यात," तो म्हणाला. "बरं सुटतंय."

मी सव्वा रुपया दिला. तो गेला.

मग बूट काढले आणि कठड्याला धरून जिना चढायला लागलो. गुडघे बोलत होते. पहिली. दुसरी. तिसरीपाशी थांबलो. नवी फळी बिनरंगाची, पिवळसर होती. तिच्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि सगळं वजन टाकून उभा राहिलो. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. वर तिची ट्रंक होती. मी पुढचं पाऊल उचललं.